उलटं घड्याळ आणि थॉर्बीची वाळू

गयाबाईंना एक जंगली जनावर बघायचं होतं. पिंजऱ्यातलं नाही, टीव्हीवरचं नाही. मोकळं, आपल्या मर्जीनं फिरणारं, आणि जमलं तर आपल्याकडे वळून बघणारं. तेही लवकर. कारण त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेच्या मधोमध एक करडा डाग पडला होता आणि तो दर महिन्याला थोडा थोडा पसरत होता. येत्या हिवाळ्याच्या आत काय बघायचं ते बघून घ्या, असं डोळ्यांच्या डॉक्टरनं अगदी हळू आवाजात सांगितलं होतं.

खरं तर जायचं होतं केनियाला. त्यांच्या सुनेनं, स्नेहलनं, वर्षभर खपून सफारी ठरवली होती. सासरे भगवानराव यांनी त्या आनंदात एक रुंद काठाची खाकी टोपी आणि एक दुर्बीणही घेऊन ठेवली. मग गयाबाईंच्या हृदयात दोन स्टेंट बसले आणि इन्शुरन्सवाल्यांचं पत्र आलं. फार सभ्य इंग्रजीतलं पत्र. अर्थ एवढाच, की म्हातारीला घेऊन एवढ्या लांब जाऊ नका.

"राहू दे मग आफ्रिका," गयाबाई म्हणाल्या. "इथं का जनावरं नाहीत?"

म्हणून मार्चअखेरच्या एका रविवारी, लंडनमधल्या स्टॅनमोरहून निघालेली स्नेहलची चौदा वर्षांची गाडी नॉर्थ सीच्या काठावरच्या थॉर्बी नावाच्या गावापाशी येऊन थांबली. थॉर्बीच्या पुढे दीड मैल नुसती वाळू. ओहोटीला उघडी पडणारी, भरतीला नाहीशी होणारी. त्या वाळूच्या टोकाला मार्च महिन्यात शे-दीडशे सील येऊन पडलेले असतात, जुनी लव गाळत, उन्हाची वाट बघत. तिथवर चालत जायचं, लांबून बघायचं आणि परत यायचं. एवढीच मोहीम.

स्नेहलला आदल्या रात्रीची झोप पुरली नव्हती. अलार्म वाजला तेव्हा कुणीतरी आपला एक तास चोरून नेलाय असं तिला वाटलं होतं. पण पराठे लाटायचे होते, थर्मास भरायचे होते. त्या वाटण्याकडे लक्ष द्यायला सवड कुणाला होती?

वाटेच्या तोंडाशी लाकडी फाटक आणि त्यावर पिवळा फलक होता. स्नेहलनं मोठ्यानं वाचला. पांढऱ्या टोपीचे खांब सोडून चालू नका. सीलच्या जवळ जाऊ नका. आणि खाली, त्या दिवसापुरतं खडूनं लिहिलेलं : दीड वाजेपर्यंत फाटकाच्या आत या.

"आता वाजले किती?" तिनं विचारलं.

भगवानरावांनी मनगट वर केलं आणि उलटं फिरवलं.

त्या घड्याळाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी ते भंडारा जिल्ह्यातल्या पवनीहून लंडनला आले, तेव्हा घड्याळ पवनीच्या वेळेवर होतं. ते त्यांनी कधी बदललंच नाही. आई आत्ता उठली असेल, आई आत्ता जेवली असेल, हे मनगटाकडे बघून कळायचं. आई गेली, भाऊ गेले, घड्याळ तसंच राहिलं. लंडनची वेळ हवी असली की ते घड्याळ उलटं धरत. पवनीत संध्याकाळचे साडेपाच म्हणजे लंडनला दुपारचे बारा. काटे उलटे वाचले की बरोबर तेच दिसतं. लंडनच्या भुयारी रेल्वेत, मेट्रोपॉलिटन लाइनवर त्यांनी तीस वर्षं सिग्नलचं काम केलं ते याच घड्याळावर, आणि एक गाडी चुकू दिली नाही, असं ते सांगत.

"साडेदहा," ते म्हणाले. "जाऊन, पाहून, जेवून परत. तीन तास म्हणजे भरपूर."

गाडीतलं घड्याळही दहा एकोणतीस दाखवत होतं. भगवानरावांनी ते बघितलं आणि त्यांच्या पांढऱ्या भरघोस मिशा समाधानानं हलल्या.

"आता सगळ्यांनी फोन बंद करा. या डब्यात टाका."

"आजोबा, सिरियसली?" ही मनाली, स्नेहलची लेक. बावीस वर्षांची, लंडनच्याच हॅरोत जन्मलेली. तिचं मराठी घाईत असलं की लिंग विसरायचं. "मला फोटो काढायचा आहेत. आजीचा मोमेंट आहे."

"ट्रॅकवर एकच घड्याळ चालतं, बेटा. दोन घड्याळं झाली की अपघात. आणि तुझा फोन किणकिणला की तुझ्या आजीचं जनावर पळेल."

"एरवी रविवारी तुझे आजोबा कॅमडेनला, बाबासाहेब राहायचे त्या घरात, त्यांची खोली दाखवतात ना," गयाबाई मनालीला म्हणाल्या, "तिथंही लोकायले असेच रांगेत उभे करतात. चाल, दे टाकून."

डबा बंद झाला, स्नेहलच्या पाठीवरच्या पिशवीत गेला आणि चौघं फाटकातून बाहेर पडले.

पहिला अर्धा तास आनंदाचा होता. ओल्या वाळूवर आभाळ सांडलं होतं. डोक्यावरून रानहंसांची एक लांब माळ ओरडत गेली. लाल चोचीचे काळे-पांढरे पक्षी शेकड्यांनी धावत होते, एकदम उठत होते, एकदम बसत होते. गयाबाई सुनेचा दंड धरून चालत होत्या आणि स्नेहल डोळ्यांचं काम तोंडानं करत होती. "डावीकडे, आई. लांब. पक्षी उडाले बघा."

गयाबाई मान उजवीकडे फिरवायच्या. समोरचं त्यांना दिसत नव्हतं. डागाच्या कडेनंच काय ते दिसायचं. त्यामुळे जे बघायचं, त्याच्याकडून तोंड फिरवून बघायची सवय त्यांना लागली होती. बसमध्ये लोकांना वाटे, बाई रुसली आहे.

तिसऱ्या खांबापाशी एक ओहोळ लागला. घोट्याएवढं पाणी, पायरीएवढं रुंद. रबरी बुटांनी चौघांनी तो ओलांडला आणि विसरूनही गेले.

सहाव्या खांबापाशी मात्र स्नेहलची पावलं आपोआप मंदावली. वाळूत एक ट्रॅक्टर बुडालेला होता. कधीचा कोण जाणे. चाकं गडप, इंजिन गडप. गंजलेलं स्टीअरिंग आणि सीटची पाठ तेवढी वर. बसायला कुणी यायचं आहे अशी.

"कुणी सोडला असेल हा?" मनालीनं विचारलं.

"ज्याला वेळेवर निघता नाही आलं त्यानं," भगवानराव म्हणाले आणि पुढे झाले. वाक्य त्यांनी गमतीत टाकलं होतं.

मग समुद्राकडून धुकं आलं. धावत नाही, दारातून मांजर यावं तसं. आधी क्षितिज गेलं. मग पक्षी गेले. त्यांचे आवाज राहिले. मग आवाजही गेले. स्नेहलनं मागे वळून पाहिलं तेव्हा गावाचं चर्च नव्हतं, बांध नव्हता. एक खांब स्पष्ट, दुसरा पुसट आणि त्यामागे काहीच नाही.

आणि समोरून तो आवाज आला. लांब, पोकळ, उतरत जाणारा. मोठं माणूस उशीत तोंड खुपसून रडतं तसा. एक थांबला की दुसरा.

"सील," मनाली कुजबुजली. "मी ऐकलाय यूट्यूबवर."

स्नेहलच्या अंगावर काटा आला, पण छातीत आनंदही उसळला. वर्षभराची धडपड, ते पत्र, डॉक्टरचा तो हळू आवाज, आणि आता फक्त दोनशे पावलं! "आई, आलोच आपण. ऐकताय ना?"

गयाबाई ऐकत नव्हत्या. त्या थांबल्या होत्या. खाली वाकून त्यांनी उजव्या पायातला बूट काढला, मोजा काढला आणि अनवाणी पाऊल वाळूवर ठेवलं.

"आई, अहो गारठाल!"

"गप राह्य जरा."

त्यांनी टाच दाबली. उचलली. पुन्हा दाबली. पावलाच्या ठशात खालून पाणी आलं आणि भोवतालची वाळू दुधावरच्या सायीसारखी थरथरली.

"वाळू जिवंत झाली," गयाबाई म्हणाल्या. "परत चाला."

पवनीला वैनगंगेच्या पात्रात त्यांच्या वडिलांची टरबुजाची वाडी असे. उन्हाळाभर लहानगी गया त्या वाळूत राहायची. वर कुठं पाऊस झाला की नदी दिसायच्या आधी वाळूला कळायचं. खालून पाणी चढायचं, पायाखालची जमीन हलकी व्हायची. मग वडील पिकलं-कच्चं न बघता पोरांना काठावर हाकायचे.

"गया, अजून सव्वा तास आहे," भगवानरावांनी मनगट उलटं केलं. "बारा दहा. दीडला परतायचंय. शांत राह्य."

"तुमचं घड्याळ काय म्हणते ते तुम्हाले ठाव. माझा पाय सांगते ते मी सांगते."

"आई, फक्त दहा मिनिटं," स्नेहल म्हणाली. आपला आवाज रडवेला झालाय हे तिला कळत होतं. "एवढ्यासाठीच आलो ना आपण? पुन्हा येणं होईल न होईल. पुढच्या मार्चपर्यंत..."

तिनं सासूचा दंड घट्ट धरला.

गयाबाईंनी तिच्या गालावर वाळू लागलेला हात ठेवला. "बाई, मले जनावर पाह्यचं हाय. पण तुमच्यापैकी कोणाले इथं ठेवून नाही."

आणि त्या वळल्या. एक पाय अनवाणी, एक बूट हातात.

स्नेहलनं पिशवी काढली. सासूवर विश्वास होता, सासऱ्यांवरही होता. दोघांत निवाडा करायला तिनं डबा उघडला आणि फोन चालू केला. नेटवर्क नव्हतं. एकही रेघ नाही. पण वेळ होती.

एक वाजून बारा मिनिटं.

"बाबा."

भगवानरावांनी फोन बघितला. घड्याळ बघितलं. पुन्हा फोन. त्यांचा चेहरा एकदम लहान झाला.

"आज तारीख किती?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाले, "मार्चचा शेवटचा रविवार."

रात्री झोपेत साऱ्या देशाची घड्याळं एक तास पुढे सरकली होती. फोन आपले आपण सरकले होते. गाडीतलं घड्याळ सरकलं नव्हतं, ते दरवर्षी जूनमध्ये कुणाच्या तरी लक्षात यायचं. आणि उलटं धरलेलं पवनीचं घड्याळ फक्त हिवाळ्यातच खरं बोलायचं. उन्हाळ्यात त्यात एक तास मनानं मिळवावा लागे. सत्तेचाळीस वर्षं भगवानराव तो मिळवत आले होते. आज पहिला दिवस. आज विसरले.

अठरा मिनिटं उरली होती. आणि वाट होती तासाची!

"मी तुम्हा सगळ्यांले..." भगवानराव म्हणू लागले.

"मागून," गयाबाई म्हणाल्या. "ते मागून. पहिले चाला."

मागे फक्त एक खांब दिसत होता. दुसरा धुक्यानं गिळला होता. मनाली धावत सुटणार तोच भगवानरावांनी तिचा दंड धरला. आवाज आता वेगळा होता, कोरडा, कामावरचा.

"धावायचं नाही. खांब सुटला की संपलं. बोगद्यात सिग्नल गेला की आम्ही कसं करायचो, तसं करू. एकानं खांबापाशी उभं राह्यचं आणि हाका देत राह्यचं. बाकीच्यांनी पुढचा खांब शोधायचा. सापडला की ओरडायचं, मगच मागच्यानं खांब सोडायचा. मनाली पुढे. स्नेहल, तू आईला धर. मागे मी."

"आजोबा, तुम्ही सगळ्यात लास्ट का?"

"कारण घड्याळ माझं होतं."

आणि ते निघाले. धुक्यात मनालीची पाठ विरघळायची. मागून भगवानरावांची हाक यायची, "हो-ओ!" पुढून काहीच नाही. मग पुन्हा "हो-ओ!" मग कुठूनतरी, "मिळाला! इकडे!" एक खांब. पुन्हा तेच. दुसरा खांब. समुद्र कुठंच दिसत नव्हता, आणि तेच भयंकर होतं. स्नेहलला वाटायचं भरती समोरून येते, पांढऱ्या लाटांची, आवाज करत. ही तशी येत नव्हती. ती खळग्यांतून येत होती, बाजूंनी, मागून, एक शब्द न बोलता. मघाशी कोरडी वाळू होती तिथं आरसा पसरला होता.

"गुळगुळीत चकाकते तिथं पाय नका देऊ," गयाबाई म्हणत होत्या. "वळ्या पडल्यात ना, लुगडं सुकत घातल्यावानी, तिथं द्या. ते घट्ट हाय." दोन्ही बूट आता त्यांच्या हातात होते. पाय जांभळे पडले होते. स्नेहलनं बोलायचं सोडून दिलं होतं; आता त्यांच्या डोळ्यांची गरज कुणालाच नव्हती, त्यांच्या पायांची होती.

ट्रॅक्टर आला. पाणी सीटवर चढून बसलं होतं. नुसतं स्टीअरिंग वर!

"मॉम," मनाली म्हणाली आणि पुढचा खांब शोधायला निघाली.

पाचवा खांब. चौथा. एकदा हाक गेली आणि मागून उत्तर आलं नाही. "बाबा?" धुकं. "बाबा!" मग खोकला ऐकू आला आणि मग ती खाकी टोपी दिसली, मग टोपीखालचा माणूस, मांडीपर्यंत भिजलेला. एका मऊ जागेत पाय गेला होता; बूट तिथंच राहिला होता.

तिसरा खांब. आणि त्याच्या पलीकडे तो ओहोळ, जो ते विसरले होते.

ओहोळ नव्हताच आता. दहा पावलं रुंद, काळपट, डावीकडून उजवीकडे जोरानं ओढणारं पाणी होतं. पलीकडे, धुक्यात थोडी फट पडली तिथं, फाटकाकडचा बांध दिसत होता. अगदी एवढासा. अगदी जवळ.

"थांबलं तर वाढेल," भगवानराव म्हणाले. "आत्ताच. कोपरात कोपर अडकवा. प्रवाहाकडे तोंड. बाजूनं सरकायचं."

"थांबा, मले पाहू द्या." गयाबाई पाण्यात उतरल्या, पायानं चाचपत. एकीकडे नको, नको... "इथून. खाली खडे हायेत."

चौघांनी हात गुंतवले. पाणी गुडघ्याला आलं. मांडीला आलं. एवढं गार, की ते गार वाटेना, चावल्यासारखं वाटे. एक पाऊल. पुन्हा एक. वाऱ्याचा झोत आला आणि भगवानरावांची खाकी टोपी उडाली, पाण्यावर पडली, गिरकी घेत धुक्यात गेली. कुणाचाच हात मोकळा नव्हता. पाणी कमरेला! मनालीचा पाय घसरला. स्नेहलनं तिला वर ओढलं.

आणि बरोबर मध्यावर गयाबाई थांबल्या.

"आई, चला!"

त्या हलेनात. त्यांनी मान फिरवली, पार उजवीकडे, स्नेहलच्या खांद्याकडे, आणि तशाच उभ्या राहिल्या. तोंड थोडं उघडं.

"आई! अहो, काय झालं? छातीत दुखतंय का?"

"एक मिनिट दे," गयाबाई म्हणाल्या. अगदी हळू.

स्नेहलनं दिलं नाही. एक मिनिट तिच्याकडे नव्हतं. तिनं सगळा जोर लावून सासूला ओढलं, मनालीनं स्नेहलला ओढलं, भगवानरावांनी मागून रेटलं. पाणी मांडीला आलं, गुडघ्याला, घोट्याला, आणि चौघं पलीकडच्या वाळूवर गुडघ्यांवर पडले.

उरलेले दोन खांब त्यांनी धावतच काढले.

फाटकाच्या आत आल्यावर स्नेहलनं मागे बघितलं. वाळू नव्हती. पांढऱ्या टोपीचे खांब रांगेनं समुद्रात उभे होते आणि तिसरा अर्धा बुडाला होता.

गाडीत हीटर पूर्ण सोडला. घरून आणलेली एकूण एक शाल, गाडीतली चटई, मनालीचा जिमचा टॉवेल, सगळं गयाबाईंच्या पायांभोवती गुंडाळलं. थर्मासमधला चहा अजून गरम होता, हे स्नेहलला अन्यायासारखं वाटलं. पुढच्या काचेखाली गाडीचं घड्याळ शांतपणे एक वाजून सहा मिनिटं दाखवत होतं.

भगवानरावांनी मनगटावरून घड्याळ काढलं, त्याची चावी नखानं बाहेर ओढली आणि फोनकडे बघत काटे फिरवू लागले.

"काय करता?" गयाबाईंनी विचारलं.

"लंडनची लावतो. पवनीत आता कोण राह्यलं, ज्याची वेळ पाह्यची? त्या एका हट्टापायी मी चार जीव..."

"वेळ चुकली तुमची. खांब एक नाही चुकला." गयाबाईंनी हात लांब करून चाचपलं आणि चावी अंगठ्यानं आत दाबली. "राहू द्या ते तसंच. मले आवडते. फक्त बाहेर निघताना सुनेलाही विचारत जा किती वाजले ते."

स्नेहल स्टीअरिंगकडे बघत होती. गाडीचं स्टीअरिंग, तरी तिला दुसरंच दिसत होतं.

"आई, सॉरी," ती शेवटी म्हणाली. "एवढं करून तुम्हाला काहीच नाही दिसलं."

"कोण म्हणते?"

तिघांनीही वळून पाहिलं.

"पाण्यात थांबली होती ना मी, तो काय तमाशा होता?" गयाबाई म्हणाल्या. "तुम्ही सारे काठाकडे पाहात होते. तो माझ्यासमोर, डाव्या हाताले होता. एवढ्यावर." त्यांनी कप आणि आपलं नाक यांच्यातलं अंतर दाखवलं. "मुंडकं वर काढलं त्यानं. काही आवाज नाही. काळं, गोल, वल्लं. मिशीच्या एकेका केसाले पाण्याचा मणी. आणि डोळे... बाप्पा, काय डोळे होते. म्हशीच्या पारड्यासारखे. त्यातही धुकं दिसत होतं. मी आपली मान वाकडी करून पाहाते, आणि तो मात्र सरळ. सरळ माझ्याकडे. म्हणत असल, हे कोण बाई माझ्या घरात आली."

मनालीनं सीटवर गुडघे घेतले. "आजी, अजून. स्लो सांग."

स्नेहलनं इंजिन बंद केलं. दिवसभर तिनं सांगितलं होतं आणि सासूनं ऐकलं होतं. आता तिनं मान सीटला टेकवली आणि डोळे मिटून घेतले, म्हणजे नीट दिसेल.

"केवढा होता?" भगवानरावांनी विचारलं. मघापासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज ओळखीचा वाटला.

"तुमच्याएवढा. मिशाही तशाच." गयाबाईंनी चहाचा घोट घेतला. "फक्त टोपी नव्हती."

आणि मग बाहेरच्या धुक्याकडे, म्हणजे अगदी उलट्या बाजूला तोंड करून, म्हणाल्या, "आता असल."